वन्संचा युरिया

वन्सं, काल सोसायटीच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली आणि तुम्हाला सेंद्रिय करून टाकण्यात आलं.

मी पहिल्याच रांगेत होते, घरच्यांसाठी राखलेल्या खुर्चीत. टेबलावर तुमचा तो चष्मा नाकावर घसरलेला फोटो, त्याला हार, बाजूला समई. आपले सेक्रेटरी जोगळेकर उठले, त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "शरयूताई म्हणजे सेंद्रिय बागकामाच्या निष्ठावंत उपासक. रासायनिक खताचा एक कणसुद्धा त्यांनी आपल्या गच्चीवरच्या मातीला कधी लागू दिला नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी डोळे पुसले. माझ्या शेजारी तुमचे बंधू बसले होते. त्यांनी माझा हात घट्ट धरला. लोकांना वाटलं, बिचारे बहिणीच्या दुःखात आहेत. दुःखात ते होतेच, पण हात धरला होता तो मी उठून उभी राहू नये म्हणून.

नाही उठले. तुमच्या फोटोसमोर भांडण नको, एवढ्यासाठीच. पण घरी आल्यापासून माझ्या अंगाची लाही लाही होते आहे. तुम्ही गेल्याचं रडूसुद्धा या लोकांनी मला धड रडू दिलं नाही.

एक कणसुद्धा? अहो, तुमच्या स्वयंपाकघरात साखर, मीठ आणि युरिया एका फळीवर असायचे! युरिया लोणच्याच्या जुन्या बरणीत. मिसळणाच्या डब्यातला एक चमचा त्यासाठी कायमचा बाजूला काढलेला. मी एकदा म्हटलं होतं, "वन्सं, एखाद्या पाहुण्यानं साखर समजून चहात घातला तर?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "मग त्याला नत्र मिळेल. जरा हिरवा होईल." पुढच्या वेळी मी तुमच्याकडे बिनसाखरेचा चहा मागितला, तेव्हा मात्र खुदकन हसलात.

सगळी नोकरी तुम्ही माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काढलीत. कापडी पिशव्यांतून येणारी गावोगावची माती वाळवायची, चाळायची, सामू म्हणजे पीएच काढायचा, सेंद्रिय कर्ब काढायचा. निवृत्त झालात, आमच्या शेजारचा ब्लॉक घेतलात, आणि गच्चीवर माझ्या कुंड्या बघायला आलात त्या पहिल्याच दिवशी एका कुंडीतली चिमूटभर माती ओली करून अंगठा आणि बोटात तिची पट्टी करून बघितलीत. मी मोठ्या अभिमानानं सांगत होते, हा आमच्या आवारातला पालापाचोळा, हे माझं गांडूळखत, हे शेणखत. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "तपासलीस?"

"काय तपासायचं, वन्सं? दिसतंय ना, किती काळी, भुसभुशीत आहे ती."

"बंडूही दिसायला धष्टपुष्टच होता. तपासल्यावर साखर निघाली ना?"

बंडू म्हणजे माझा नवरा. अशी आपली सुरुवात झाली. तेव्हापासून भांडतोच आहोत.

आणि वन्सं, मला आज कुणी काहीही म्हणो, मी माझ्या बाजूवरून हटलेली नाही. माती म्हणजे झाडाला उभं ठेवायला घेतलेला भुसा नव्हे. तिच्यात जीव असतात, बुरशी असते, गांडुळं असतात, आणि त्या सगळ्यांना खायला लागतं. त्यांना पालापाचोळा लागतो, सालं लागतात, शेण लागतं. तुमच्या बरणीतल्या पांढऱ्या दाण्यांवर झाड वाढेल, पण माती उपाशी राहील. बँकेत काउंटरमागे आयुष्य काढलेल्या बाईला हे कळायला पुस्तकं वाचावी लागली, पण कळलं. मूठभर चांगली कुजलेली माती नाकाशी धरली की अजूनही माझं डोकं शांत होतं. तुम्ही म्हणायचात, "वासानं खत ठरवायचं असेल तर अत्तर घाल."

तुमचं म्हणणंही मला पाठ आहे. झाडाचं मूळ शेण खात नाही. शेण जिवाणू खातात, आणि त्यातून जे नत्र सुटतं ते मूळ घेतं. युरियाचंही शेवटी तेच होतं. मुळाशी पोहोचलेल्या नत्राला तू कुठून आलास, गोठ्यातून की कारखान्यातून, असं झाड विचारत नाही. जात विचारायची सवय माणसाची. हे तुम्ही इतक्या शांतपणे म्हणायचात की मला उत्तर सुचेपर्यंत तुम्ही पाणी घालून खाली गेलेल्या असायचात.

पण म्हणून तुम्ही रासायनिकवाल्यांच्या तरी कुठे होतात? पोत्यानं युरिया ओतणाऱ्यांवर तुमचा राग माझ्यापेक्षा जास्त. प्रयोगशाळेत येणाऱ्या मातीतला कर्ब वर्षागणिक कसा घसरत गेला ते सांगताना तुमचा आवाज जड व्हायचा. "तो पोत्यानं टाकतो, तू टोपलीनं टाकतेस," तुम्ही मला म्हणालात. "मोजत दोघंही नाही." हे इतकं साधं म्हणणं होतं तुमचं. आधी माती तपासा, मग तिला जे कमी आहे तेवढंच द्या, कुठलंही द्या. हे काही फोटोखाली लिहिण्यासारखं झकपक नाही, म्हणून काल कुणाला आठवलं नाही.

गच्चीच्या मधोमध तुम्ही विटांची एक ओळ लावलीत. अलीकडे माझं, पलीकडे तुमचं. नळ सामाईक. माझ्या बाजूला पिंप, त्यात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन घालून मी जीवामृत ढवळायची, आणि तुम्ही पदर नाकाला लावून विचारायचात, "स्वयंपाक झाला का गं?"

धायरीचे बबनराव आठवतात? माझं शेणखत त्यांच्याकडून यायचं. एकदा टेम्पोतून पोती उतरवताना तुम्ही त्यांना विचारलंत, तुमच्या शेतात काय घालता? ते म्हणाले, "आमच्या वावरात व्हय? आमी युरियाच टाकतो की. शेण समदं कोथरूडला जातंय. तुमच्याकडं लई मागणी हाय." तुम्ही जिन्यावर बसून हसलात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नव्हते.

आणि ते पोतं नेमकं अर्धवट कुजलेलं निघालं. माझ्या वांग्यांच्या मुळाशी हुमणी झाली, पांढऱ्या, लठ्ठ, वळलेल्या अळ्या. रोपं उभ्या उभ्या माना टाकायला लागली. तेव्हा मात्र तुम्ही हसला नाहीत. चष्मा लावून, चिमटा घेऊन माझ्या अर्ध्या भागात येऊन बसलात आणि कुंडीमागून कुंडी उलटी करून अळ्या वेचल्यात. सकाळची दुपार झाली. उठताना गुडघे धरून फक्त एवढंच म्हणालात, "पुरतं कुजलेलं घेत जा. घाई करू नकोस."

तुमचंही चुकायचं, हे मी इथे लिहिणार. तुमच्या मोगऱ्याच्या कुंडीवर पांढरा थर चढला, माती विटेसारखी टणक झाली, पाणी वरच्या वर वाहून जायला लागलं. क्षार साचले होते. मी काही बोलले नाही, हे माझं मोठेपण नव्हे, मी वाट बघत होते. काही दिवसांनी बघते तर मोगऱ्याच्या बुंध्याभोवती वाळक्या पानांचा जाडसर थर. माझ्याच ढिगातली पानं! मी विचारलं, "हे काय वन्सं?" "काही नाही. ऊन लागतं त्याला." यापलीकडे कबुली म्हणून काही मिळणार नाही हे मला माहीत होतं. मोगरा मात्र त्या वर्षी असा फुलला की तुम्ही रोज ओंजळभर फुलं गुपचूप आमच्या दाराशी ठेवत होतात.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाचं मी कधी बोलून दाखवलं नाही. मला वाकायची, वजन उचलायची बंदी. माझी सगळी बाग तुमच्या हाती. मी मनात म्हटलं, संपलं, आता वन्सं माझ्या कुंड्यांत चमचा फिरवणार. पट्टी निघाल्यावर वर गेले तर माझं जीवामृत पिंपात वेळच्या वेळी ढवळलेलं, माझ्या कुंड्यांना माझंच खत, माझ्याच पद्धतीनं. त्या वासानं तुम्हाला मळमळायचं, तरी. मी म्हटलं, "युरिया नाही घातला?" तुम्ही रागावलात. खरंच रागावलात. "तुझ्या अर्ध्यात माझं खत घालायला मी काय चोर आहे? तू भांडायला नसताना?"

आता या लोकांचं काय करू, सांगा.

कारण काल जे माना डोलावत होते ना, तेच ते लोक. ते गणपतीचं पाणी त्यांना आठवत नाही, मला आठवतं.

त्या वर्षी सोसायटीनं ठरवलं की नदीवर जायचं नाही, विसर्जन आवारातच करायचं. उत्तमच ठरवलं. मूर्ती प्लास्टरची होती. मोठ्या टाकीत पाणी भरलं, अमोनियम बायकार्बोनेटची पावडर घातली, आरती झाली, बाप्पा पाण्यात गेले. रोज येता-जाता कुणीतरी बांबूनं ढवळायचं. फेस यायचा, नाकाला झोंबणारा वास यायचा, मूर्ती हळूहळू विरघळायची. तळाशी पांढरा गाळ राहिला आणि वर पाणी. जोगळेकरांनी जाहीर केलं की हे पाणी म्हणजे पूर्णपणे नैसर्गिक खत आहे, बाप्पाचा प्रसाद आहे, सगळ्यांनी आपापल्या झाडांना घालावं.

तुम्ही तिथल्या तिथे सांगितलंत. मी शेजारी उभी होते. "जोगळेकर, हे अमोनियम सल्फेट आहे. प्लास्टर आणि पावडर मिळून झालेलं, पोत्यात विकत मिळतं तेच. खत म्हणून चांगलं आहे, पण भरपूर पाणी मिसळून घाला. असंच घातलंत तर झाडं जळतील."

सगळे तुमच्याकडे असे बघायला लागले, जसं काही तुम्ही आरती चालू असताना चपला घालून आलात. जोगळेकर म्हणाले, "ताई, देवाच्या तीर्थात नळाचं पाणी घालायचं? काहीतरीच काय. आणि रसायन कसं असेल? मूर्ती होती ती. आपण पूजा केलीये तिची."

"पूजा केल्यानं सल्फेट जात नाही," तुम्ही म्हणालात.

पुढचं तेच झालं. तांब्या-तांब्यानं, हात जोडून, ते पाणी लोकांनी तसंच्या तसं झाडांना घातलं. माझ्याही अर्ध्या भागात कुणीतरी भक्तिभावानं ओतून गेलं. मला विचारलंही नाही. माझी मेथी गेली, टोमॅटोची पानं कडेनं करपून आत आत वळली. आणि आवारातली तुळस, तिच्यावर तर सगळ्यांचीच भक्ती, प्रत्येकानं एकेक तांब्या ओतलेला. ती बघता बघता तपकिरी झाली आणि वाळून उभी राहिली.

तुळस जळली म्हटल्यावर सोसायटी हादरली. बाप्पाच्या पाण्यानं तुळस जळेल कशी? शक्यच नाही. मग कुणीतरी काहीतरी घातलं असणार. आणि आख्ख्या सोसायटीत रसायनाची बरणी कुणाच्या घरात आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मीटिंगमध्ये मी उभी राहून ओरडले होते, वन्सं. माझा आवाज बसेपर्यंत. मी म्हटलं, मी या बाईच्या खताविरुद्ध वर्षानुवर्षं भांडते आहे, मला विचारा, चमचा मोजल्याशिवाय ती कुंडीला हात लावत नाही. तुम्हाला तिनं सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नाहीत. कुणी ऐकेना. आणि सगळ्यात राग मला तुमचा आला. तुम्ही माझा पदर ओढलात. "बस खाली, उषा. यांना देव वाचवायचाय. त्यात मी गेले तर चालेल." मी तेव्हाही बसायला नको होतं असं मला वाटतं, पण तुम्ही ओढलंत म्हणून बसले. तुम्ही स्वतःसाठी का भांडला नाहीत? माझ्याशी तर एकेका चमच्यावरून भांडायचात!

दुसऱ्या दिवशी बोर्डावर सूचना लागली. गच्चीवर रासायनिक खते नेण्यास सक्त मनाई, आणि बागेच्या कमिटीतून तुमचं नाव कमी. तुम्ही ती सूचना पूर्ण वाचलीत आणि जोगळेकरांना शांतपणे विचारलंत, "मग पुढच्या वर्षी गणपती कुठे विरघळवणार?"

त्यानंतर तुम्ही गच्चीवर आला नाहीत. कुंड्या एकेक करून खाली नेल्यात, बाल्कनीत. तिथे ऊन अर्धंच. मोगरा तिथे फुलला नाही, पानांवरच राहिला. तरी तुम्ही रोज सकाळी त्याच्याशी बसायचात. पुढच्या गणपतीनंतर पुन्हा ते पाणी वाटलं, या वेळी बाटल्यांत भरून, शंभर टक्के नैसर्गिक असं लिहून. तुमच्याही दारात एक बाटली आली. तुम्ही ती मला दाखवलीत, "बघ, मला बंदी असलेलं खत घरपोच आलं." आणि बादलीभर पाण्यात थोडंसं मिसळून बाल्कनीत घातलंत. मी हसले. पण तुम्ही हसत नव्हतात, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. आतून तुम्हाला लागलं होतं. ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्यांच्या मातीचं खरं-खोटं केलं, तिला तुळस जाळणारी म्हणून बघायला लागले होते लोक. जिन्यात बायका समोर आल्या की तुमच्याशी बोलायच्या, पण नजर टाळायच्या. तुम्ही वर यायचं बंद केल्यावर विटांची ती ओळ मी तशीच ठेवली. पलीकडे मी काही लावलं नाही.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या काही दिवसांत तुम्हाला बोलायला दम लागायचा. मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटलं, "वन्सं, तुम्हीच बरोबर होतात." तुम्ही मान हलवलीत, नाही म्हणून. म्हणालात, "खोटं बोलू नकोस. तुझं अर्धं बरोबर आहे." मग थांबून, श्वास घेऊन, "कोणतं अर्धं, ते तुला माहीत नाही." आणि डोळे मिटलेत. मी म्हटलं, विचारू उद्या. उद्या तुम्ही शुद्धीवर नव्हतात.

तर आज दुपारी जोगळेकर घरी आले. सोबत कमिटीतला निनाद, तो खराडीला आयटीत आहे तो, दुसऱ्या विंगमधला. गच्चीबागांची कसलीशी स्पर्धा आहे, परीक्षक यायचेत, त्याआधी गच्चीच्या दारावर बोर्ड लावायचाय. 'कै. शरयूताई स्मृती सेंद्रिय गच्चीबाग'. घरच्यांची संमती हवी, तेवढ्यासाठी आले होते. निनादनं मोबाइलवर बोर्ड दाखवला. कोपऱ्यात तुमचा फोटो, भोवती हिरवी पानं.

"काकू, डिझाइन एकदम क्लीन ठेवलंय," तो म्हणाला. "आजींचा फोटो, नाव, बस्स. खूप इमोशनल कनेक्ट येतो."

मी म्हटलं, "त्या युरिया वापरत होत्या."

"हो काकू, पण ते डिटेल झालं. स्टोरी सिंपल ठेवू या ना."

मुलगा वाईट नाही. त्याला काही ठाऊकच नाही, तो तेव्हा इथे राहायला नव्हता. पण जोगळेकर होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "वहिनी, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं."

"युरिया वाईट आहे असं तुमचं म्हणणं असेल, तर ते त्यांच्याबद्दल खोटं बोलणं झालं. चांगलं बोलणं नव्हे."

"जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या आता? ताईंचं नावच होतंय ना त्यानं?"

तेव्हा तुमचे बंधू बोलले. आपल्या भांडणात ते आजवर एका शब्दानं कधी पडले नाहीत, तुम्हाला माहीत आहे. पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "ताईवर तुम्ही बंदी घातली होती, जोगळेकर. ती त्या गच्चीवर परत गेली नाही." एवढंच बोलले आणि आत गेले. आतून बराच वेळ नळ वाहिल्याचा आवाज येत राहिला.

जोगळेकर थोडे ओशाळले असावेत, पण माघार घेणारा माणूस तो नव्हेच. म्हणाले, "ठीक आहे. मग असं करू, बागेला तुमचंच नाव देऊ. तुम्ही तर पहिल्यापासून सेंद्रियच."

"मला चालणार नाही."

"का?"

"मी अजून उलट बोलू शकते."

हे तोंडातून गेलं आणि वन्सं, मलाच ते कळलं. तुम्ही होतात तेव्हा यांना तुम्ही नको होतात. वर्षानुवर्षं तुम्ही समोरून आलात की बाजूला होणारी ही माणसं काल हार घेऊन आली, ती तुम्ही चांगल्या होतात म्हणून नव्हे. आता तुम्ही "ते अमोनियम सल्फेट आहे" असं म्हणणार नाही, म्हणून. गप्प बसलेली शरयूताई यांना हवी होती. ती शेवटी मिळाली, आणि तिच्यावर यांना वाटेल ते लिहायचंय.

मी म्हटलं, "बोर्ड लावायचाच असेल तर मी सांगते ते लिहा. शरयूताई माती तपासून, मोजून खत घालत असत. शेणखतही आणि युरियाही. गणपतीच्या पाण्यात पाणी मिसळा असं त्यांनी सांगितलं होतं. ते कुणी ऐकलं नाही, तुळस जळली, आणि या कमिटीनं त्यांनाच गच्चीपासून तोडलं. लिहून घ्या."

निनाद खरंच मोबाइलवर टाइप करायला लागला होता. जोगळेकरांनी त्याचा हात खाली केला. "वहिनी, एवढं सगळं त्या बोर्डावर बसणार नाही."

"मग बोर्ड मोठा करा," मी म्हटलं.

गेले ते. संमती घेतल्याशिवाय गेले. बोर्ड लावतीलही कदाचित, त्यांना कोण अडवणार. मग मी रोज वर जाईन आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्या बोर्डाखाली उभं राहून सांगेन, परीक्षकांनाही. तुमची सगळी बाजू सांगेन, तुम्ही सांगायचात तशी, नत्र, स्फुरद, पालाश, सगळं. माझ्या तोंडून युरियाची वकिली ऐकून लोक हसतील. हसू देत.

पटलेलं मात्र मला अजूनही नाही, वन्सं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून आता तर मुळीच म्हणणार नाही. तुमचं म्हणणं चूक आहे हे सिद्ध करायचं माझं जन्माचं काम होतं. ते मी तुमच्या तोंडावर, तुम्ही उत्तर द्यायला समोर असताना करत होते. यांनी तुमचं म्हणणं एका शोकसभेत पुसून टाकलं, फोटोला हार घालून. तुम्हाला खोडून काढायचा हक्क माझा होता. त्यांचा नव्हता.